घंटी किती वाजावी?

एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास फोन लावला, म्हणजे आवाजाला वाट मिळण्यापूर्वीच उभय कंपन्यांच्या यंत्रांत एक निःशब्द पत्रव्यवहार उरकलेला असतो. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा जानेवारी २०११ मध्ये देशभर मिळाल्यापासून आरंभीच्या अंकांवरून क्रमांकाचा धनी ओळखू येईनासा झाला. म्हणून प्रथम दफ्तर चाळून तो आज कोणाच्या पदरी आहे हे पाहायचे, मग संकेतांच्या स्वतंत्र वाहिनीने त्या कंपनीस पृच्छा करायची आणि ग्राहक या घटकेला कोणत्या केंद्राच्या हद्दीत आहे हे तिच्या नोंदवहीतून काढून घ्यायचे, असा हा क्रम आहे. संदेशाचे तंत्र याहून सोशिक: समोरचा फोन बंद असला, तर संदेश धाडणाऱ्याच्याच केंद्रात मुक्काम करतो आणि फोन सुरू झाल्याची वर्दी आली की मार्गस्थ होतो.

तंत्राचा हा भाग सरळ आहे. तंटे होतात ते हिशेबाचे. आपल्या जाळ्यात आलेला परका कॉल ग्राहकापर्यंत पोचवण्याबद्दल दुसऱ्या कंपनीकडून मिनिटाला १४ पैसे घेण्याचा रिवाज होता. जकातनाक्यावरील वसुलीसारखाच तो प्रकार. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तो दर ६ पैशांवर आणला. ज्याचे ग्राहक फोन अधिक लावतात त्याने भरावे आणि ज्याचे अधिक घेतात त्याने कमवावे, असा व्यवहार असल्यामुळे २०१९ मध्ये एक विलक्षण युक्ती चर्चेत आली. जिओ आपल्या ग्राहकांनी लावलेल्या फोनची घंटी आखूड करते, म्हणजे समोरच्याला फोन उचलायला अवधी न मिळून 'मिस्ड कॉल' पडतो, तो बिचारा उलट फोन करतो आणि पैशांचा ओघ फिरतो, असा प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप होता. पुढे त्यांनीही आपली घंटी २५ सेकंदांवर आणली, हे मात्र त्या आक्षेपाला फारसे शोभले नाही! मोरीतून हात पुसत येणाऱ्या गृहिणीला फोनपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न असा थेट प्राधिकरणाच्या दरबारी गेला. मोबाइलची घंटी ३० आणि घरच्या फोनची ६० सेकंद वाजावी, असे फर्मान नोव्हेंबरच्या आरंभी निघाले.

१ जानेवारी २०२१ पासून देशांतर्गत मोबाइल कॉलवरील ही दस्तुरी शून्य झाली. परदेशातून येणाऱ्या कॉलची मात्र माफ झाली नाही. २०२० मध्ये तिच्यासाठी मिनिटाला ३५ ते ६५ पैशांची मर्यादा आखली गेली होती.