हाताला गाठ लागली? या नऊ गोष्टी वाचाच!

अंघोळ करताना हाताला गाठ लागते आणि मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. खरं तर अशा बहुतेक गाठी साध्या असतात. साधी कोणती नि घातक कोणती, हे ठरवण्याचं शास्त्र मोठं रंजक आहे आणि ते कळलं की भीती निम्मी होते.

1. आकार नव्हे, वागणूक बघा
साधी गाठ आपल्या जागी वाढते, तीही बहुधा सावकाश, आणि शेजारच्या पेशींना फक्त बाजूला सारते. घातक गाठ शेजारात घुसते, रक्तातून किंवा लसिकेतून दूर जाते आणि तिथे नवी गाठ धरते. गर्भाशयातला फायब्रॉइड किलोभर वजनाचा होऊनही साधाच असू शकतो. उलट मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचा धोका मिलिमीटरमध्ये मोजतात, तो त्वचेत किती खोल गेलाय यावरून.

2. नावावरून जात कळते, बहुतेक वेळा!
शेवटी नुसतं 'ओमा' असेल तर गाठ सहसा साधी. दंडावर किंवा पाठीवर असणारी, बोटाखाली सरकणारी मऊ चरबीची गाठ म्हणजे लायपोमा. 'कार्सिनोमा' त्वचेच्या, आतल्या अस्तराच्या किंवा ग्रंथींच्या पेशींतून उगवतो. 'सार्कोमा' हाड, स्नायू, चरबी यांतून. पण लिम्फोमा आणि मेलानोमा नावानं फसवतात, ते घातकच. आणि ल्युकेमियात म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये बहुधा गाठच नसते.

3. गाठीत केस आणि दात
अंडाशयातली एक गाठ कापली की आत तेलकट पदार्थ, केसांचा पुंजका आणि कधी चक्क पूर्ण वाढलेला दात सापडतो! ही टेराटोमा. ज्या पेशींपासून स्त्रीबीज तयार होतं, त्यांच्यात शरीरातला कुठलाही भाग घडवण्याची क्षमता असते; तीच इथे भलत्या जागी जागी होते. अंडाशयातल्या अशा परिपक्व गाठी बहुतांशी साध्या असतात.

4. मुक्काम बदलला तरी मूळ गाव तेच
मुंबईत आयुष्य गेलं तरी माणूस 'गाव कुठलं?' याचं उत्तर रत्नागिरी असंच देतो. कॅन्सरचंही तसंच. स्तनाचा कॅन्सर यकृतात पोचला तरी तो स्तनाचाच राहतो, आणि त्याला औषधंही स्तनाच्या कॅन्सरची लागतात.

5. ग्रेड वेगळी, स्टेज वेगळी
सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ती ग्रेड. कॅन्सर शरीरात किती पसरलाय ती स्टेज. स्टेज ठरवण्याची टीएनएम पद्धत फ्रान्सच्या पियेर देनुआ यांनी 1943 ते 1952 या काळात बसवली: टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरवरचा फैलाव.

6. एका आकड्यात स्वभाव
जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतांत गाठीच्या क्रमांकापुढे तिरपी रेघ आणि एक आकडा असतो. 0 म्हणजे साधी, 1 म्हणजे काठावरची, 2 म्हणजे जागच्या जागी असलेला, अजून आत न घुसलेला कॅन्सर आणि 3 म्हणजे घातक.

7. साधी, पण जागा वाईट
मेंदूच्या आवरणातला मेनिंजिओमा बहुधा साधा असतो. पण कवटीत जागाच नसल्यामुळे तो वाढला की मेंदू दाबला जातो. हृदयातला मिक्सोमाही साधा, तरी त्यामुळे रक्तप्रवाह अडू शकतो. याउलट बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर घातक गटातला असूनही दूर सहसा पसरत नाही.

8. खिडकीबाहेरचा बर्फ कामाला आला
1905 चा जानेवारी, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कसली ते सांगा, अशी सर्जन विल्यम मेयो यांची मागणी. पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांनी गाठीचे तुकडे खिडकीबाहेरच्या कडाक्याच्या थंडीत गोठवले, पातळ काप काढले आणि मिथिलीन ब्लूनं रंगवून पाहिले. आज हेच काम यंत्र करतं आणि साधारण वीस मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये निरोप पोचतो. त्या निरोपावर ठरतं, आणखी कापायचं की टाके घालायचे.

9. 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे चुकीचं
घातक गाठ सुरुवातीला पुष्कळदा अजिबात दुखत नाही. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या समजापायी अनेक जण तुकडा तपासायला देतच नाहीत. कुठल्या गाठीचा तुकडा कसा घ्यायचा, याचे नियम डॉक्टरांना ठाऊक असतात. धोका तपासणीत नाही, ती टाळण्यात आहे. स्तनात, मानेत किंवा काखेत नवी गाठ लागली, जुनी गाठ वाढू लागली, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर थेट डॉक्टर गाठा. गाठ साधी निघाली तर जिवाचा घोर मिटेल. घातक निघाली तरी लवकर कळल्यावर हाताशी इलाज जास्त असतात.