विश्लेषण : जुनी जीप मूळ रूपात जपणे इतके अवघड का? विंटेज वाहनांचा नियम काय सांगतो?

वाड्याच्या पडवीत, शेतातल्या गोठ्याशेजारी किंवा बंद कारखान्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली जीप महाराष्ट्रात नवीन नाही. वाहन भंगार धोरणाची चर्चा सुरू झाल्यापासून अशा जीपच्या मालकांपुढे प्रश्न आहे की ती भंगारात द्यायची की पुन्हा चालती करायची. चालती करायची ठरली, तर मूळ रूपात की सोयीप्रमाणे बदल करून? या एका निर्णयावर खर्च तर ठरतोच, पण गाडीची कायदेशीर ओळखही ठरते.

जीप भारतात आली कशी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्धानंतर विलिसने नागरी वापरासाठी ‘सीजे’ मालिका आणली. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसच्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली आणि पुढे ‘सीजे ३बी’ हे मॉडेल भारतात अनेक दशके बनत राहिले. उंच बॉनेट ही त्याची खूण. युद्धकाळातील इंजिनात सर्व व्हॉल्व्ह बाजूच्या ब्लॉकमध्ये होते, तर ३बीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, सिलिंडर हेडमध्ये आले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर गेले.

सर्वांत आधी काय तपासावे?

इंजिनाआधी कागद तपासावेत. चॅसीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील क्रमांक एकच आहेत का, ते पाहावे. गाडी सरकारी लिलावातून आली असेल, तर लिलावाची कागदपत्रे आणि त्यानंतरच्या प्रत्येक हस्तांतराची साखळी हवी. गंज काढताना ग्राइंडर क्रमांकावरून फिरला, तर नुकसान भरून येत नाही. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र आणि पेन्सिलने घेतलेला ठसा जपून ठेवावा.

सुटे भाग मिळत असूनही अडचण कशाची?

जुन्या जीपचे भाग अजिबात मिळत नाहीत, असे नाही. मात्र सारखे दिसणारे भाग सारखे असतातच असे नाही. उदाहरणार्थ, पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ‘ट्रान्सफर केस’. ‘स्पायसर १८’ या नावाची ही पेटी युद्धकाळापासून पुढे अनेक वर्षे वापरात होती. पण तिच्यातील मधल्या शाफ्टचा व्यास युद्धकाळातील जीपमध्ये ०.७५ इंच होता, तो नंतर १.१२५ इंच आणि पुढे १.२५ इंच झाला. बाहेरून पेटी ओळखीची वाटते, आतला गिअर मात्र बसत नाही. म्हणून खरेदीला जाताना जुना भाग आणि व्हर्नियर सोबत असलेले बरे.

दुसरी अडचण आट्यांची. विलिसचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, मेट्रिक नव्हे. शिवाय डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला कारागीर नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो.

भाग शोधायचे कुठे?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी ही नेहमीची ठिकाणे. प्रत्येक भाग ‘जीपचा’ म्हणून शोधण्याची गरज नसते. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो, ऑइल सील मापावर मिळते. बुश लेथवर करून घेता येतात आणि गॅस्केट कापून घेता येते. स्टिअरिंग आणि ब्रेकचे भाग मात्र अंदाजाने बनवून घेऊ नयेत.

डिझेल इंजिन बसवलेल्या जीपचे काय?

खरी मेख इथे आहे. पेट्रोल महाग पडते म्हणून असंख्य जीपमध्ये नंतर डिझेल इंजिने बसवली गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीने व्हावा लागतो आणि त्याची नोंदही व्हावी लागते. पुस्तकात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल, अशी स्थिती असेल तर आधी परिवहन कार्यालयात तो गुंता सोडवावा लागेल.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. राज्याने नेमलेली समिती वाहनाची तपासणी करते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीत राज्याच्या संकेतांकानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

अर्थात, यालाही मर्यादा आहे. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती बाहेर काढता येते. त्यामुळे रोज शेतावर जाण्यासाठी जीप हवी असेल, तर नेहमीची नोंदणी नूतनीकृत करणे हाच मार्ग उरतो.

मूळपणासाठी सुरक्षिततेशी तडजोड करावी का?

करू नये. या जीपच्या ब्रेकमध्ये एकच हायड्रॉलिक मार्ग आहे. एका चाकाकडे गळती झाली, तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून नळ्या, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर ‘चालतंय तोवर’ ठेवू नयेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार हवा. जुने रबर आणि कॉर्क इथेनॉलने खराब होतात, शिवाय इथेनॉल पाणी शोषते. इंधन नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्यावा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी.

मग सुरुवात कुठून करावी?

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि पैसे तिथेच संपतात. क्रम उलटा हवा. आधी कागद, मग चॅसीचा गंज, त्यानंतर ब्रेक व स्टिअरिंग, पुढे इंजिन आणि शेवटी पत्रा व रंग. काढलेला मूळ भाग बिघडलेला असला, तरी चिठ्ठी लावून ठेवावा. नवा भाग त्याच मापावर बनवता येतो आणि गाडी मुळात कशी होती, याचा पुरावाही तोच असतो.