ठासणीची बंदूक : गजावर दोन खुणा हव्यातच

भात दुधात आले की रानडुकरे एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच कोकणात कित्येक घरी पीक संरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक असते. बंदूक हा माझ्या खात्याचा विषय नव्हे. पण गेल्या हंगामात कीड पाहणीला गेलो तेव्हा एका पडवीत बंदूक टांगलेली दिसली. भरलेली आहे का विचारले. आजोबा म्हणाले, "नाय ओ, रिकामीच आसा ती." त्यांनाच गज आत सोडायला लावला. तो चार बोटे वरच राहिला! खाली नातू गोट्या खेळत होता.

काडतुसाची बंदूक उघडून बघता येते. ठासणीची उघडत नाही, तिथे गज हाच डोळा. बंदूक साफ केली, रिकामी आहे अशी खात्री झाली, की गज तळाला टेकवा आणि नळीच्या तोंडाशी कानशीने खाच पाडा. ही पहिली खूण, रिकाम्या बंदुकीची. नेहमीचा बार नीट ठासल्यावर पुन्हा तोंडाशी दुसरी खूण. घरातले नेलपॉलिश लावलेत तर रात्री बॅटरीच्या उजेडातही दिसते.

आता ही दुसरी खूण तोंडाच्या वर राहिली तर समजा, एकतर बार दोनदा भरलाय, नाहीतर गोळी दारूवर टेकलेली नाही, मध्ये पोकळी आहे. पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटतेसुद्धा. पिस्तुलाच्या काडतुसात गोळी किती खोल बसली हे कारखान्यात मोजतात, त्यात दाबाचाही विचार असतो. तिथे गोळी जास्त खोल गेली तर दाब वाढतो, इथे ती वर अडकली तर धोका.

मोजताना केप आधी काढा. नळी माणसांपासून, घरापासून दूर धरा, तोंडावर वाकू नका. शंका आली तर बार उडवून मोकळा करायला जाऊ नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणलीत तरी आधी गज टाका.

आणि हो, बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच, पंचनाम्याआधी शेत साफ करू नका.