परत बोलावण्याचा अधिकार : समज आणि वस्तुस्थिती

कलकत्त्याच्या दक्षिणेस डायमंड हार्बर मार्गाच्या दुतर्फा पसरलेले बेहाला 1984 मध्ये महानगरपालिकेत विलीन झाले. त्यातील बेहाला पश्चिम या मतदारसंघातून 2001 पासून सलग पाच वेळा विधानसभेवर निवडून गेलेले पार्थ चॅटर्जी यांना शिक्षकभरतीच्या प्रकरणात 23 जुलै 2022 रोजी अटक झाली; पाच दिवसांनी मंत्रिपद गेले, पक्षाने निलंबित केले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये जामिनावर सुटका होईपर्यंत ते कैदेतच होते. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. परंतु तीन वर्षांहून अधिक काळ ज्यांचा आमदार कैदेत होता, त्यांनी पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची दाद कोणाकडे मागायची होती, आणि असा प्रतिनिधी परत का बोलावता येऊ नये, हा प्रश्न सर्वस्वी रास्त आहे. त्याच्या उत्तराविषयी मात्र अनेक भ्रामक समज रूढ आहेत.

अटक झाली किंवा पक्षाने हाकलले की जागा आपोआप रिकामी होते, हा पहिला समज. वास्तविक 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमान्वये अपात्रता येते ती दोषसिद्धीनंतर : सामान्यतः दोन वर्षांची वा अधिक शिक्षा झाल्यास, आणि भ्रष्टाचारासारख्या काही अपराधांत त्याहून कमी शिक्षेनेही. अपिलाच्या आधारे पद राखण्याची विद्यमान सदस्यांना असलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये, लिली थॉमस खटल्यात, रद्द केली; पण त्या निर्णयानेही नुसत्या आरोपाला शिक्षेचे बळ दिलेले नाही, आणि ते योग्यच आहे.

हजारो सह्यांचा अर्ज निवडणूक आयोगाकडे दिला म्हणजे फेरनिवडणूक होते, हाही तसाच समज. आमदार वा खासदार यांना मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. सी. के. चंद्रप्पन यांनी 1974 मध्ये लोकसभेत तसे घटनादुरुस्तीचे विधेयक आणले होते व अटलबिहारी वाजपेयींनी त्यास पाठिंबाही दिला होता. ते संमत झाले नाही.

ही कल्पना परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी शचींद्रनाथ सान्याल यांचे स्मरण करावे. हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या ज्या जाहीरनाम्याचे कर्तृत्व त्यांच्याकडे जाते, त्यात 1925 च्या आरंभीच मतदारांच्या या हक्काचा उद्घोष होता. जयप्रकाश नारायण यांनीही 1974 च्या बिहार आंदोलनात तो पुन्हा पुढे आणला.

आणि हा हक्क भारतात कोठेच नाही, हेही खरे नव्हे. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाविरुद्ध असे मतदान होते, व मतपत्रिकेवर ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’ अशी दोन चिन्हे असतात. 2001 मध्ये अनूपपूरच्या नगराध्यक्षांना मतदारांनी याच मार्गाने पायउतार केले. राजस्थानात 2012 मध्ये मांगरोळ येथे मतदान झाले, तेव्हा मात्र अध्यक्ष टिकले. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने संमत केल्यावर ग्रामसभेच्या गुप्त मतदानाने कायम व्हावा लागतो. पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे : मध्य प्रदेशात प्रस्तावाचा आरंभ तीन-चतुर्थांश नगरसेवक करतात, आपल्याकडे ग्रामपंचायत सदस्य, मतदार केवळ शेवटी बोलतो. ज्या हक्काचा पुढाकार मतदाराच्या हाती नाही, तो मला अपुरा वाटतो. गटबाजीला आळा घालण्यासाठी सह्यांची मोठी अट जरूर असावी, पण दरखास्त नागरिकांची असावी.

बेहालासारख्या प्रसंगी संविधानात एकच वाट आहे. अनुच्छेद 190(4) नुसार सदस्य साठ दिवस परवानगीविना सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह त्याची जागा रिक्त जाहीर करू शकते. परंतु सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांहून अधिक तहकुबी त्या साठांत धरली जात नाही, सभागृह सदस्याला रजा देऊ शकते, आणि जागा रिक्त करणे सभागृहावर बंधनकारकही नाही. विधानसभेच्या अध्यक्षांकडे तसे निवेदन देण्यास नागरिकांना कोणी रोखलेले नाही. मात्र त्यावर मतदान करणार ते आमदारच, बेहालाचे मतदार नव्हेत.