भित्र्या कुत्रीला सोबती शोधताना

लग्नाकार्यात, मलिद्याला कोणी ओळखीचे भेटले की हल्ली आम्हाला हमखास विचारतात, "या वयात एक कुत्रा पुरे नव्हता का? दुसरा कशाला आणलात?" प्रश्न रास्त आहे. आम्ही उभयता सत्तरी ओलांडलेले, अश्दोदच्या जुन्या शिक्कूनमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारे, लिफ्ट नाही. उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही. शिवाय विचारणाऱ्यांपैकी काहींच्या घरी स्वतःचाच एखादा भित्रा कुत्रा पलंगाखाली बसलेला असतो, हेही बोलता बोलता कळते. म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आमची चिमी २०२४ च्या मार्चमध्ये घरी आली. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर दक्षिणेकडच्या गावांतली माणसे नेसत्या कपड्यांनिशी निघाली, तेव्हा किती तरी कुत्री-मांजरे मागे राहिली, हरवली, रानोमाळ झाली. स्वयंसेवकांनी जमेल तशी ती गोळा केली. चिमी त्यांतली. तिच्या अंगात चिप सापडली नाही, त्यामुळे घर कुठले, माणसे कोण, काही कळले नाही. वय अंदाजे तीन, वजन अठरा किलो, कान उभे, शेपूट पाठीवर वळलेले. डॉक्टर म्हणाले, हिच्यात केलेव कनआनीचे रक्त आहे. ही इथलीच जात, आपल्या कोकणातल्या गावठी कुत्र्याची लांबची बहीण शोभावी अशी. १९३८ साली ऑस्ट्रियातून इकडे आलेल्या रुडोल्फिना मेन्झेल या बाईंनी उघड्यावर, बेदुइनांच्या तळांभोवती फिरणाऱ्या कुत्र्यांतून ती जोपासली. हा कुत्रा अनोळखी माणसावर सहजासहजी विश्वास टाकत नाही. वाळवंटात जगायचे तर तोच शहाणपणा. तेव्हा चिमीचा सगळाच भित्रेपणा मारहाणीमुळे आला असे धरून चालू नका, असे डॉक्टरांनी बजावले. काही स्वभावात असतो. काही पिल्लूपणी माणसांची सवय न झाल्याने राहतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यासाठी फार महत्त्वाचा असतो, हे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात मांडले, ते आजही मानतात. तो काळ हुकला की नंतर सुधारणा होते, पण गोगलगाईच्या चालीने.

पहिले चार महिने चिमी रात्रीच जेवायची, आम्ही दिवे मालवल्यावर. दाराची घंटा वाजली की लघवी व्हायची. बाहेर न्यायचे तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर चारी पाय रोवून उभी. हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. न चालणारी गोष्ट एकच होती. आमच्या इमारतीत ममाद नाही. आखाती युद्धानंतर, १९९२ पासून बांधलेल्या घरांत ती खोली सक्तीची झाली; आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. मिकलात तळघरात. गाझाकडून रॉकेट आले तर अश्दोदला सायरनपासून ४५ सेकंद मिळतात. २०२४ मध्ये सायरन कमी झाले होते, थांबले नव्हते. सायरन वाजला की चिमी पलंगाखाली भिंतीला चिकटायची, अठरा किलोची कुत्री ओढून काढण्याचे बळ आमच्या कोणाच्याच कमरेत नाही, आणि यजमान म्हणायचे, "तू जा खाली, मी हिच्यापाशी थांबतो." मग आम्ही दोघेही थांबायचो. गुरांचा डॉक्टर असो की माणसांचा, कोणालाही हे पटण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या कुत्र्याचा विचार तिथून सुरू झाला, पण डॉक्टरांनी आधी एकच गोष्ट विचारली: चिमी कशाला भिते? माणसांना, आवाजांना की कुत्र्यांना? आम्ही म्हटलं, सगळ्यालाच. ते म्हणाले, नीट बघा आणि सांगा. आम्ही वही घातली. जुनी सवय, चार्ट भरल्याशिवाय आम्हाला पेशंट समजत नाही. तीन आठवड्यांच्या नोंदींतून दिसले की खालच्या मजल्यावरची म्हातारी कुत्री जिन्यात भेटली की चिमीचे कान सैल पडतात, शेपूट पोटाखालून बाहेर येते, आणि तिच्यामागून ती दोन-तीन पायऱ्या न सांगता उतरते. म्हणजे भीती माणसांची आणि आवाजांची. कुत्र्यांची नव्हे. सोबतीचा उपयोग अशांनाच होतो. तुमचा कुत्रा जर कुत्र्यांनाच घाबरत असेल तर दुसरा आणणे म्हणजे विंचवाला घाबरणाऱ्याच्या अंथरुणात विंचू सोडणे. कृपा करून आणू नका.

आता निवड कशी करायची? इथे आम्हाला वॉर्डातली एक गोष्ट उपयोगी पडली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घाबरलेला पेशंट आला की त्याला कोणाच्या शेजारचा बेड द्यायचा, हे आम्ही नर्सेस मनात ठरवायचो. दुसऱ्या घाबरलेल्याच्या शेजारी कधीच नाही. रात्रभर दोघे एकमेकांना घाबरवत बसतात. फार बडबड्या, थट्टेखोर माणसाच्या शेजारीही नाही. जो यातून गेला आहे, जेवतो, झोपतो, इंजेक्शनला हात पुढे करतो, त्याच्या शेजारी. तो उपदेश करत नाही, नुसता असतो. कुत्र्यांतही हेच लागू पडते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या वीव्हरव्हिल येथे एएसपीसीए या संस्थेचे भेदरलेल्या कुत्र्यांसाठी खास केंद्र २०१८ पासून आहे, तिथेसुद्धा माणसाळलेले शांत कुत्रे मदतनीस म्हणून भित्र्यांजवळ ठेवतात. भित्रा कुत्रा बघतो की हा माणसाजवळ गेला आणि याचे काही वाईट झाले नाही. आपण शंभर वेळा "ये बाळा" म्हणण्यापेक्षा ते त्याला लवकर कळते.

प्राण्यांच्या आश्रयस्थानात आम्ही तीन कुत्रे पाहिले. पहिला नऊ महिन्यांचा, शेफर्डच्या वळणाचा, देखणा. आम्हाला पाहताच जाळीवर सहा फूट उडाला. त्याला आम्ही लगेच नमस्कार केला. एवढा दांडगा पोर चिमीच्या अंगावर पडला असता, आणि आमच्याही. पडून खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायका आम्ही आयुष्यभर उचलल्या आहेत. पिल्लू आणावे असे काही जण सुचवतात, पण पिल्लू धीर देत नाही, मोठ्याचे बघून शिकते. भित्रीच्या घरात आलेले पिल्लू भित्रेच होण्याची भीती.

दुसरी होती एक पांढरी कुत्री. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. आम्ही पंधरा मिनिटे उभे होतो, तिने मान वळवली नाही. यजमान हलेनात. "हिलाच नेऊ. हिला कोण नेणार?" डोळ्यांत पाणी. सांगायला वाईट वाटते, पण नाही म्हणणे भाग होते. आमच्या घरी एक पलंग होता आणि त्याखाली एक कुत्री होती. दोन झाल्या असत्या. दया येते तेव्हा माणूस ज्याची दया आली त्यालाच घेऊन निघतो, घरी जी वाट बघत आहे तिचा विचार मागे पडतो. त्या रात्री आमचे आपसात बोलणे झाले नाही.

तिसरा दूबी. दूबी म्हणजे अस्वलाचे पिल्लू. हे नाव तिथल्याच मुलींनी ठेवलेले. पाच वर्षांचा, तपकिरी, खस्सी केलेला, हनुवटीवर पांढरे केस, दिसायला अगदी सामान्य, म्हणूनच आठ महिने कोणी नेला नव्हता. दार उघडले तसा चालत आला, धावत नाही. हात हुंगला, बिस्किट घेतले, आणि यजमानांच्या पायाला टेकून उभा राहिला. शेजारच्या पिंजऱ्यात भुंकाभुंक चालू होती, याने एकदा मान वर करून पाहिले आणि जांभई दिली. कुत्रीला सोबत म्हणून कुत्रा, तोही खस्सी केलेला, बहुधा सोपा जातो. दोन माद्यांत पुढे जुंपण्याचा धोका जास्त, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाकी सगळ्यांत आम्ही एकच गोष्ट वर ठेवली: याला माणूस आवडतो का?

पण आम्हाला आवडून काय उपयोग? पसंती चिमीची हवी होती. तीन वेळा भेट घडवली, तीही पिंजऱ्याजवळ नाही, घरातही नाही, मागच्या मोकळ्या रस्त्यावर. एक दोरी आमच्या हातात, एक तिथल्या मुलीच्या. समोरासमोर आणायचे नाही; एकाच दिशेने, मध्ये दहा-बारा मीटर ठेवून चालायचे, आणि हळूहळू अंतर कमी करायचे. पहिल्या दिवशी चिमी सतत नाक चाटत होती, तोंड फिरवत होती, एक पंजा उचलून थांबत होती. ही तिची "पुरे" म्हणण्याची भाषा. आम्ही पाच मिनिटांत घरी. दुसऱ्या वेळी ती त्याच्या मागून गेली आणि शेपटीखाली हुंगले. तो हलला नाही, हुंगू दिले. तिसऱ्या वेळी चिमीने पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर केला. खेळायला बोलावण्याची ही खूण आम्ही तिच्याकडून नऊ महिन्यांत पहिल्यांदा पाहिली. एका झटक्यात उडी, मग पुन्हा आमच्या पायामागे. तेवढे पुरे झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये दूबी आधी 'सांभाळायला' म्हणून आला, कायमचा नंतर. चांगल्या आश्रयस्थानात अशी मुदत देतात, मागून घ्या. घरात दोघे एकत्रच शिरले, फिरून थकून आल्यावर. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये नातवंडांसाठी आणलेले लाकडी फाटक. हाडे, खेळणी महिनाभर कपाटात. आम्ही बाहेर जाताना दोघांना वेगळे ठेवत असू. आधी जनावराला खाऊ घालावे, मग आपण जेवावे असे तालमुद सांगते. दोन जनावरांत आधी कोणाला, ते मात्र सांगत नाही. आम्ही चिमीला आधी देतो. दूबीला त्याचे काही वाटत नाही, तो तेवढ्यात कचऱ्याचा डबा तपासतो. यावरून एक सांगायचे: शब्बाथच्या सरबताचा मनुकांचा चोथा डब्यात उघडा टाकू नका. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. भित्रा कुत्रा डब्याला तोंड लावत नाही, धीट लावतो, आणि मग त्याचे बघून भित्राही लावतो.

रोज एकदा आम्ही दोघांना वेगवेगळे फिरवतो. कंटाळा येतो, पण सोडत नाही. नाहीतर भित्रीला दूबीशिवाय उंबरठा ओलांडता येणार नाही, आणि तो काही अमर नाही.

जिन्याचा सराव शांततेच्या वेळी केला. सकाळ-संध्याकाळ, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे घेऊन, दूबी पुढे, चिमी मागे, मिकलातच्या दारापर्यंत. फेब्रुवारीत ती पहिल्यांदा तळापर्यंत आली. जून २०२५ मध्ये इराणशी बारा दिवस लढाई झाली, तेव्हा फोनवर आधी काही मिनिटे इशारा येत असे, त्याचा फायदा झाला. पहिल्या रात्री चिमी पलंगाखालीच. दुसऱ्यांदा दूबी दारात उभा राहिला, जिन्याकडे निघाला, आणि ती पोट जमिनीला घासत त्याच्यामागून आली. खाली तासभर थरथरत होती, पण त्याच्या कुशीला लागून. एका शेजारीणबाईंना कुत्र्यांचे भय, म्हणून आम्ही दाराजवळच्या कोपऱ्यात बसायचो. बारा दिवसांत ती दोनदा आली नाही, बाकी आली. यजमान त्या दोन वेळा वर थांबले.

सोबतीने भीती पळते असे आम्ही म्हणणार नाही. दाराची घंटा अजून चालत नाही. पाहुण्यांसमोर ती अजून बाहेर येत नाही. आवाजांसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या चालू आहेत. आपल्या कपाटातली झोपेची गोळी मात्र कुत्र्याला कोणी देऊ नये, ती त्याच्यासाठी नाही.

खर्च दुप्पट होतो. चिप आणि रेबीजची लस दोघांनाही कायद्याने लागते, परवाना दोन. खस्सी केलेल्यांना शुल्क बरेच कमी. आश्रयस्थानातल्या मुलीने आमचे वय पाहून सरळ विचारले, "तुमच्यानंतर कोण?" राग आला नाही. धाकटी लेक बसवून घेऊन कागदावर सही केली. पिल्लाऐवजी पाच वर्षांचा कुत्रा घेण्याचे तेही एक कारण.

पांढरी कुत्री अजून तिथेच आहे. आम्ही महिन्यातून एकदा जातो; आता ती मान वळवते, बिस्किट जमिनीवर ठेवले तर आपण चार पावले मागे गेल्यावर घेते. तिथल्या मुली म्हणतात की दुसऱ्या कुत्र्यांशी तिचे चांगले जमते. ज्यांच्या घरी आधीच शांत, माणसाळलेला मोठा कुत्रा आहे आणि लहान मुले नाहीत, अशा कोणाला बघायला यायचे असेल तर आम्ही सोबत येऊ. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत गेलेले बरे, नंतर गर्दी होते. आपला कुत्रा बरोबर आणा.