बाळाचा पाळणा रंगवण्यापूर्वी

घरात बाळ येणार म्हटले की माळ्यावरचा जुना लाकडी पाळणा खाली काढला जातो. सुतार त्याचे सांधे घट्ट करून देतो आणि बारशाआधी त्याला रंगाचा नवा हात दिला जातो. हौस रास्त आहे. पण बहुतेक जण दुकानात फक्त 'रंग कोणता शोभेल?' एवढेच पाहतात. त्या रंगात आणि त्याखालच्या जुन्या थरांत शिसे आहे का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

सहाव्या-सातव्या महिन्यात दात येऊ लागले की मूल पाळण्याचा कठडा चावते. पुढे पांगुळगाडा येतो, लाकडी बैल येतो. या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते आणि तिच्यावरचा रंगही पोटात जातो.

शिसे काय करते?

रंग ठळक दिसावा, लवकर वाळावा आणि लोखंड गंजू नये म्हणून रंगात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत जुनी आहे. पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत त्यांचे प्रमाण विशेष असे. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेऊ शकते. ज्या मुलांना लोह व कॅल्शियम कमी मिळते, त्यांच्यात ते आणखी शोषले जाते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत साठवून ठेवते. गरोदर स्त्रीच्या रक्तातून ते गर्भापर्यंतही पोहोचते.

याची लक्षणे सुरुवातीला दिसतच नाहीत. पुढे मूल फिकट दिसते, पोट दुखते, शौचास घट्ट होते, ते चिडचिड करते. शाळेत लक्ष लागत नाही आणि आपण त्याला 'हूड' म्हणून मोकळे होतो. मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जुना रंग खरवडताना

आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली. ती 1 नोव्हेंबर 2017 पासून उत्पादकांना लागू झाली. त्यामुळे त्याआधी रंगवलेल्या वस्तूत शिसे असू शकते असे धरूनच चालावे.

अशी वस्तू कोरड्या पॉलिश पेपरने घासणे हा सर्वांत मोठा धोका. ती बारीक धूळ श्वासातून, हातातून, अंथरुणातून घरभर जाते. पेटत्या दिव्याने रंग जाळून काढणे त्याहून वाईट. काम करायचेच तर घराबाहेर करा. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा, लाकूड ओले ठेवून वॉटर पेपरने घासा, नाका-तोंडाला चांगला मास्क लावा. मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नकोत. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

रंगाचे पोपडे निघत असतील तर तो पाळणा बाळासाठी वापरूच नये, हे उत्तम. लुगड्याची झोळीही बाळाला पुरते. मात्र रंगवलेले जुने लाकूड बंबात किंवा चुलीत जाळू नका. धुरातून आणि राखेतून शिसे घरात परत येते.

नवा रंग घेताना

• सीलबंद डबाच घ्या. त्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, तारीख आणि शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख पाहा. सुटा रंग नको. नियम आल्यानंतरच्या तपासण्यांतही काही लहान उत्पादकांच्या रंगांत जास्त शिसे आढळले आहे.

• ट्रॅक्टरचा, यंत्राचा किंवा गॅरेजमध्ये उरलेला रंग वापरू नका. वरील नियम फक्त घरगुती व सजावटीच्या रंगांना लागू आहे.

• ऑइल पेंट आणि थिनरपेक्षा पाण्यात कालवायचा रंग बरा. रंग हाताला कोरडा लागला तरी वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, पाळणा हवेशीर जागी ठेवा.

• रंग हवाच असे नाही. गुळगुळीत घासलेले साधे नवे लाकूड सर्वांत निर्धोक.

सशाचे खुराडे, लव्हबर्डची पेटी किंवा कासवाचे लाकडी घर रंगवतानाही हेच नियम पाळावेत. ससे आणि पक्षी लाकूड कुरतडतात. पक्ष्यांना तर रंगाचा नुसता वासही बाधतो.

शंका आल्यास

मूल रंगाचे पोपडे किंवा माती खात असेल, तर जंताचे औषध देऊन थांबू नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. रक्तातील शिशाची तपासणी होते. प्रत्येक गावात तिची सोय नसली तरी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. प्रमाण 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आले, तर शिसे कुठून येते ते शोधून ती वस्तू दूर करणे हाच पहिला उपचार. शिसे बाहेर काढणारी औषधे प्रमाण फार वाढल्यावर, रुग्णालयातच देतात. घरी मात्र जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवा आणि त्याच्या ताटात पालेभाजी, डाळ, नाचणी आणि दूध रोज असू द्या.