जुनी मोटारसायकल प्रदर्शनात ठेवायचीय? पॉलिश करण्याआधी हे वाचा

लोकलच्या गर्दीत ज्यांना भाग धड ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

भिसेगावच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. आजोबांची जावा घरामागच्या पडवीत बरीच वर्षं पडून आहे. ती नीट करून कर्जतमध्ये कधी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं तर तिथे ठेवायचीय. सुरुवात कुठून करू? प्रश्न एकाचा असला तरी कर्जत-खालापूरमधल्या कितीतरी पडव्यांत अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतील. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

००:५५ रिस्टोअर म्हणजे नवी करणं नाही

आपल्याकडे रिस्टोअर म्हणजे चकाचक पेंट, नवीन क्रोम, रुंद टायर आणि एलईडी हेडलाइट असं समजतात. त्याला मॉडिफाय म्हणतात. त्यातही मजा आहे, पण तो वेगळा विषय. रिस्टोअर म्हणजे गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली, त्या रूपात परत आणणं. तिसरा प्रकार म्हणजे जशी आहे तशी जपलेली गाडी. रंग उडालेला, पण मूळचाच. जाणकार लोक अशा गाडीपुढे जास्त वेळ रेंगाळतात, कारण रंग पुन्हा मारता येतो, पण मूळचा रंग एकदा खरवडला की गेला.

कोड लिहिणाऱ्यांना चटकन कळेल: बॅकअप न घेता डिलीट मारायचं नाही. म्हणून गाडीला पाना लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वायरी कुठून कशा गेल्यात, टाकीवरची बारीक रेघ कुठे वळते, कुठल्या नटाखाली वॉशर आहे, सगळं टिपा. काढलेला एकही पार्ट भंगारवाल्याला देऊ नका. तुटका असला तरी नवा बनवताना तोच नमुना असतो.

०२:४० सगळ्यात महागात पडणारी जागा: नंबर

इथे कान देऊन ऐका. गंज काढायला चेसिस सँडब्लास्टिंगला जाते, मग तिच्यावर पावडर कोटिंग होतं. या दोन्हींत चेसिस नंबर पुसट होऊ शकतो किंवा रंगाखाली बुजतो. इंजिन केसिंग बफिंगला दिलं की इंजिन नंबरचंही तेच. आणि नंबर वाचता येत नसेल तर हौसेने उभी केलेली गाडी कागदावर संशयित ठरते. नाव बदलायला गेलात, विमा काढायला गेलात, कुठे तपासणीत अडकलात, सगळीकडे पहिला प्रश्न नंबरचाच.

म्हणून काम देण्याआधी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. फोटो काढा, आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. मग नंबरवर टेप लावून झाकायला सांगा आणि मिस्त्रींना तोंडी नको, लिहून द्या.

आरसी बुक सापडलं तर ते जपा. १९८१ आधीचं असेल तर त्यावर रायगड नाही, कुलाबा जिल्हा असेल, कारण नाव बदललं १९८१ मध्ये. नंबरही एमएच-०६ च्या जमान्याआधीचा, तीन अक्षरांचा असेल. प्रदर्शनात लोक इंजिनाआधी हे बुक बघतील. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. खर्चाला हात घालण्याआधी हे काम मार्गी लावा.

०४:३० व्हिंटेज कुणाला म्हणायचं?

जुन्या वाहनांची जागतिक संघटना आहे, फिवा. तिच्या व्याख्येत किमान ३० वर्षं जुनं आणि मूळ रूपात जपलेलं वाहन ऐतिहासिक ठरतं. आपला कायदा जास्त कडक आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली हवीत आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नव्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. गाडीची जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो.

पण मेख अशी की व्हिंटेज नोंदणी झाली की रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रविवारी खोपोलीला मिसळ खायला जायचं असेल, तर साधी नोंदणीच बरी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरा आणि फिरा. आणि आरएक्स १०० वाल्यांनो, तुमची गाडी १९८५ मध्ये आली. फिवाच्या हिशेबाने वय झालंय, पण आपल्या कायद्याने पहिली आरएक्स सुद्धा २०३५ लाच व्हिंटेज होणार.

०६:१० पार्ट कुठून आणायचे

जावा मैसूरच्या आयडियल जावा कंपनीत बनायची, पुढे तीच येझदी झाली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे मूळ पार्ट म्हणजे कुणीतरी जपून ठेवलेले किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेले. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याची भंगार दुकानं आणि ओळखीतले जुने मिस्त्री, एवढाच आधार. नवे बनवलेले पार्टही मिळतात, ते वापरायला हरकत नाही, पण तसं सांगायचं.

बुलेटचं उलटं. ती आजही बनते, म्हणून पार्ट भरपूर मिळतात आणि घोळ तिथेच होतो. जुन्या बुलेटला गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. सोय म्हणून कुणी ते बदलून घेतलं की चालवायला सोपी होते, पण त्या काळची राहत नाही.

०७:२५ आपला पाऊस आणि आजचं पेट्रोल

आपल्या पट्ट्यात चार महिने हवेत पाणीच असतं. टाकी बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेली, असं सर्रास दिसतं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर खराब करतं. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला. या वेळी मूळ पार्टचा हट्ट नको, आग लागण्यापेक्षा हे बरं. पावसाळ्याआधी गाडी उभी करताना कार्ब्युरेटर रिकामा करा, टाकीत आतून तेलाचा हात फिरवा.

जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर एकत्र जमतात, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा भिजलेली गाडी घरी आल्यावर आधी पुसा, फोटो मग टाका.

०८:४० प्रदर्शनाच्या दिवशी

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीत मोटारींबरोबर जुन्या मोटारसायकलीही असतात. एकदा जाऊन बघा. आपल्या गावच्या मैदानात एवढा थाट लागत नाही, पण चार गोष्टी पाळा. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवा. गाडीखाली पुठ्ठा टाका, तेल गळणारच. टू-स्ट्रोक गाडी मांडवात सुरू करू नका, बाहेर काढून वेळ ठरवून किक मारून दाखवा. जावाची किक आणि गियर एकाच दांड्याने चालतात, हे मुलांना दाखवलंत तर गर्दी हलणार नाही.

चौथी गोष्ट म्हणजे पाटी. मॉडेल, साल, गाडी कुणाची होती, मूळचं काय, बदललेलं काय, हे सगळं लिहा. 'सीट नवीन, सायलेन्सर नवा बनवलेला, टाकी आणि इंजिन मूळचं' असं स्पष्ट लिहिल्याने कमीपणा येत नाही. उलट बघणाऱ्याचा उरलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो. शेजारी पडवीतल्या अवस्थेतला फोटो लावा.

आणि मोबाईल चार्ज करून न्या. गाडीपाशी कुणीतरी काका थांबतील, म्हणतील, हीवर मी लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला माहेरी नेलं होतं. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. पार्ट शोधून मिळतो, नवा बनवून घेता येतो. ती गाडी आपल्या भागात कोण चालवायचं, कशासाठी चालवायचं, हे सांगणारी माणसं मात्र कमी होत चाललीत.

तुमच्या पडवीत काय उभं आहे? आरसी बुकाचा नंबर झाकून फोटो पाठवा, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू.